बाहुल्यांच्या राज्यात शिरलेली मुलगी

डेव्हिड बोवीच्या बोटांवरून काचेचे गोळे फिरतात. तळहातावरून बोटांच्या टोकांकडे, तिथून हाताच्या पाठीवर आणि पुन्हा तळहातावर. गोळे घरंगळत नाहीत, जणू हवेतच तरंगतात. ‘लॅबिरिंथ’ पहिल्यांदा पाहणारं मूल इथे हमखास थबकतं. पण ते हात बोवीचे नाहीत. मायकेल मॉशन नावाचा एक जगलर बोवीच्या पाठीमागे अंग चोरून बसायचा, बोवीच्या काखेखालून आपला हात पुढे काढायचा आणि गोळे फिरवायचा. त्याला ना स्वतःचा हात दिसे, ना गोळे. बघायला समोर मॉनिटरही नसायचा. सगळं काम केवळ स्पर्शावर चालायचं.

या चित्रपटात डोळ्यांना जे जे दिसतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींमागे असा एखादा न दिसणारा माणूस दबा धरून बसलेला आहे. ‘लॅबिरिंथ’ आजही का पाहिला जातो, याचं उत्तर मला त्या लपलेल्या माणसांपाशी सापडतं. मात्र ते निव्वळ कारागिरीच्या कौतुकाचं उत्तर नाही. इथे बाहुल्या आणि गोष्ट एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

हा चित्रपट २७ जून १९८६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जिम हेन्सन, कार्यकारी निर्माता ‘स्टार वॉर्स’चा जॉर्ज लुकास, पटकथेवर नाव ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूतल्या टेरी जोन्सचं, कल्पनाचित्रं ब्रायन फ्राउडची आणि गाणी बोवीची. एवढी मंडळी एकत्र येऊनही चित्रपट साफ पडला. खर्च अडीच कोटी डॉलर आणि अमेरिकेतली कमाई जेमतेम एक कोटी तीस लाखांच्या आसपास. रॉजर ईबर्टसारख्या वजनदार समीक्षकाने त्याला चारपैकी दोनच तारे दिले. हेन्सनला हे अपयश फार लागलं. त्यानंतर त्याने पडद्यासाठी पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित केला नाही आणि १६ मे १९९० रोजी, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी तो गेला.

गोष्ट साधी आहे. सारा सोळाच्या आसपासची, नाटकाच्या आणि परीकथांच्या नादात रमलेली मुलगी. आईवडील वेगळे झालेले, घरात सावत्र आई. ती आणि वडील बाहेर जाणार म्हणून टोबी या सावत्र भावाला, तान्ह्या बाळाला, सांभाळायचं काम सारावर येतं. बाळ रडायचं थांबत नाही. वैतागून सारा म्हणते की गॉब्लिनांनी याला उचलून न्यावं. गॉब्लिन म्हणजे युरोपातल्या लोककथांमधली बुटकी, कुरूप, खोडकर भुतावळ. ते खरोखरच बाळाला नेतात. गॉब्लिनांचा राजा जॅरेथ समोर उभा राहतो आणि तेरा तासांची मुदत देतो: तेवढ्यात प्रचंड भुलभुलैया पार करून माझ्या किल्ल्यापर्यंत पोचलीस तर बाळ तुझं, नाहीतर ते कायमचं गॉब्लिन होईल.

ही कल्पना संपूर्ण नवी नव्हती. मॉरिस सेंडॅकच्या ‘आउटसाइड ओव्हर देअर’ या १९८१च्या चित्रपुस्तकातही गॉब्लिन बाळाला पळवतात आणि बहीण त्याला परत आणते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सेंडॅकचं ऋण मान्य केलेलं आहे आणि साराच्या खोलीत त्याची पुस्तकंही दिसतात. बाळ पळवलं जाण्याची भीती तर त्याहून कितीतरी जुनी. युरोपभरच्या खेड्यांमध्ये पाळण्यातलं बाळ अदृश्य लोक बदलून नेतात, अशी समजूत होती.

हेन्सन इथवर कसा पोचला, हे समजून घ्यायला त्याचा मूळ शोध लक्षात घ्यावा लागतो. १९५५ साली, विशीतही नसताना, त्याने वॉशिंग्टनच्या एका टीव्ही केंद्रावर ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा बाहुल्यांचा छोटा कार्यक्रम सुरू केला. तोवर टीव्हीवर बाहुल्या दाखवताना त्यांचा छोटा रंगमंच, पडदा, चौकट सगळंच दाखवायची पद्धत होती. हेन्सनने ती चौकट काढून टाकली. कॅमेऱ्याची चौकट हाच रंगमंच आणि बाहुली हलवणारा त्या चौकटीच्या खाली. बाहुली हलवताना त्याने समोरच्या मॉनिटरवर प्रेक्षकाला दिसणारं चित्र बघत राहायचं. लाकडी तोंडांऐवजी मऊ फोम आणि कापड वापरल्यामुळे आतल्या बोटांच्या दाबाने चेहऱ्यावर भाव उमटू लागले. बेडूक कर्मिटचा पहिला अवतार त्याने आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि टेबल टेनिसच्या चेंडूच्या दोन अर्धकांपासून केला. पुढे १९६९पासून ‘सेसमी स्ट्रीट’, १९७६पासून ‘द मपेट शो’. २००६मध्ये आपल्याकडे ‘गली गली सिम सिम’मधून घराघरात पोचलेली चमकी याच घराण्यातली.

मात्र हेन्सनला हसवणाऱ्या बाहुल्यांच्या पलीकडे जायचं होतं. १९८२चा ‘द डार्क क्रिस्टल’ हा त्याने फ्रँक ऑझसोबत केलेला चित्रपट, आणि त्यात एकही माणूस नाही. ते जग अपूर्व सुंदर आहे, पण त्यात शिरायला प्रेक्षकाला दार सापडत नाही. पुढच्या कामासाठी फ्राउडने गॉब्लिन सुचवले आणि एक चित्र डोळ्यांसमोर ठेवलं: गॉब्लिनांच्या गराड्यात बसलेलं एक बाळ. सगळा चित्रपट त्या एका चित्रातून वाढला. बाळाच्या भूमिकेसाठी निवड झाली ती फ्राउडच्याच मुलाची. त्याचं खरं नावही टोबी, आणि त्याची आई वेंडी ही ‘डार्क क्रिस्टल’च्या बाहुल्या घडवणाऱ्यांपैकी एक. बाळाच्या रूपाने या भुतावळीत माणूस शिरला आणि त्याच्या मागोमाग सारा आली. ‘डार्क क्रिस्टल’मध्ये न सापडलेलं दार इथे उघडलं.

आता हॉगलकडे येऊ. भुलभुलैयाच्या दाराशी साराला भेटणारा हा ठेंगू, सुरकुतलेला, कुरकुऱ्या स्वभावाचा जीव. तो भित्रा आहे, चमकत्या दागिन्यांचा लोभी आहे, जॅरेथच्या धाकाखाली आहे. त्याच्या अंगात शॅरी वाइझर ही ठेंगणी कलावती होती. चालणं, वाकणं, हातवारे तिचे. चेहरा मात्र तिचा नव्हता. हॉगलच्या मुखवट्यात अठरा छोट्या मोटारी बसवल्या होत्या आणि त्या रेडिओच्या लहरींवर बाहेरून चार जण चालवत: कुणाकडे जबडा, कुणाकडे डोळे, कुणाकडे पापण्या आणि भुवया. या चौघांचा म्होरक्या जिमचा मुलगा ब्रायन हेन्सन. आवाजही त्याचाच. म्हणजे एका पात्रात पाच माणसं. हॉगलने नुसता उसासा सोडायचा म्हटला तरी आतल्या बाईचे खांदे आणि बाहेरच्या चौघांची बोटं एकाच क्षणी खाली यायला हवीत. एकमेकांचा श्वास ओळखीचा होईपर्यंत तालमी केल्याशिवाय हे साधत नाही.

आणि या यंत्राकडून हेन्सनने काय करून घेतलं? जॅरेथच्या हुकमावरून हॉगल साराला मंतरलेलं पीच देतो. ते खाल्लं की ती सगळं विसरणार, हे त्याला माहीत आहे. आपल्याला कुणीतरी पहिल्यांदा मित्र म्हटलं, हेही त्याला माहीत आहे. फळ देऊन तो तोंड लपवत निघून जातो, स्वतःला आणि जॅरेथला बोल लावत. रबराच्या त्या चेहऱ्यावर त्या वेळी जी शरम दिसते, ती हाडामांसाच्या कितीतरी नटांना जमलेली नाही. माझ्या मते हॉगल हेच या चित्रपटाचं सर्वांत मोठं यश आहे, बोवीपेक्षाही.

लूडोची तऱ्हा वेगळी. हा केसाळ, अवाढव्य, बाळबोध प्राणी, ज्याच्या हाकेला दगड ओ देतात. त्याचा पोशाख सुरुवातीला पन्नास किलोच्या आसपास भरला. कमी करत करत तो चौतीस किलोंवर आणला, तरी तो घालून एकाच माणसाने दिवसभर काम करणं अशक्य होतं. म्हणून रॉब मिल्स आणि रॉन म्यूक आळीपाळीने आत शिरत. बाहेरचं दिसावं म्हणून शिंगात बारीक कॅमेरा आणि आत छोटा पडदा. यातला रॉन म्यूक पुढे शिल्पकार झाला. माणसाच्या कातडीची प्रत्येक सुरकुती आणि केस दाखवणाऱ्या त्याच्या शिल्पांपुढे आज जगभरच्या संग्रहालयांत गर्दी होते. लूडोच्या आत घामाघूम होत तो जे शिकला असेल, त्याचा या शिल्पांशी संबंध नाही असं मला वाटत नाही.

जॅरेथच्या दरबारातलं गाणं घ्या. त्या एका दृश्यात अठ्ठेचाळीस बाहुल्या, बावन्न बाहुलीकार आणि गॉब्लिनांचा वेष घातलेली आठ माणसं होती. जमीन उंच उचललेली आणि तिला जागोजाग भोकं, त्याखाली हात वर करून उभी असलेली माणसं, प्रत्येकाची नजर आपापल्या मॉनिटरवर. वर बोवी बाळाला घेऊन नाचतो आहे आणि त्याचा पाय कुठल्या भोकात पडू नये याचीही काळजी आहे. गाण्यात बाळाचे हुंकार ऐकू येतात. ध्वनिमुद्रणाच्या वेळी आणलेलं बाळ काही केल्या आवाज काढेना, तेव्हा ते हुंकार बोवीनेच काढले.

लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत १९८५मध्ये हे सगळं उभं राहिलं. जंगलाच्या एका देखाव्यासाठी १२० ट्रक फांद्या, गवताचे १,२०० तुकडे आणि चारशे किलोंच्या जवळपास वाळका पाचोळा आणला होता. सुरुवातीला साराला लांबच लांब सरळ बोळ दिसतो, ज्याला वळणच नाही. मग एक चिमुकली अळी तिला सांगते की समोर वाट आहे, नीट बघ. भिंत खरोखर दोन भागांत तोडलेली आहे. पुढची आणि मागची भिंत अशी रंगवली आहे की कॅमेऱ्याला ती सलग दिसते. सारा भिंतीतून चालत गेल्यासारखी आत जाते आणि आपण चकित होतो. संगणकाने केलेला चमत्कार इतका टिकत नाही, कारण संगणकाला काहीही करता येतं हे आपण धरूनच चालतो. इथे डोळा फसतो तेव्हाही समोर खरा दगडविटांसारखा देखावा उभा असतो, आणि पुन्हा पाहताना तो कसा फसला हे शोधण्यात तितकीच मजा येते. चित्रपटात संगणकावर केलेला एक प्राणीही आहे, श्रेयनामावलीतलं पांढरं घुबड. त्या काळी ते अपूर्व होतं. आज सगळ्या चित्रपटात म्हातारं झालेलं बहुधा तेवढंच आहे.

बाहुली समोर खरोखर असते, याचा परिणाम नटांवर होतो. जेनिफर कॉनेली चित्रीकरण सुरू झालं तेव्हा चौदा वर्षांची होती. हिरव्या पडद्यावरच्या एखाद्या खुणेकडे बघून तिला मैत्री दाखवावी लागली नाही. हॉगलचा हात तिच्या हातात आहे, लूडोच्या केसांत तिची बोटं गुंतली आहेत, दोघांवर एकाच दिव्याचा उजेड पडला आहे. बोवीला मात्र सुरुवातीला त्रास झाला, कारण हॉगलकडे बघावं तर त्याचा आवाज भलतीकडूनच, सेटच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांमधून यायचा. बाहुली खरोखर समोर असण्याची गंमत मराठी प्रेक्षकाला वेगळी सांगायला नको. १९९३च्या ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू आजही अंगावर येतो तो लक्ष्मीकांत बेर्डेंच्या मांडीवर खरोखर बसलेला असतो म्हणून. बेर्डे त्याला घाबरतात तेव्हा त्यांच्या नजरेला पोचायला एक निश्चित जागा असते.

पण चांगल्या बाहुल्या असलेले कितीतरी चित्रपट विस्मरणात गेले. हा टिकला, कारण बाहुल्या कुठून आल्या याचं उत्तर चित्रपटातच आहे. सुरुवातीला कॅमेरा साराच्या खोलीवरून संथपणे फिरतो. घाईत असलेला प्रेक्षक ही दोन मिनिटं सोडून देतो, आणि तिथेच चित्रपटाचं बीज आहे. कपाटात हॉगलसारखी एक मूर्ती आहे, लूडोसारखं केसाळ खेळणं आहे, सर डिडिमस या शूर कुत्र्यासारखा छोटा कुत्रा आहे. भिंतीवर एम. सी. एशरचं १९५३चं, वरखाली कळेनासं करणाऱ्या जिन्यांचं चित्र. चावीवर फिरणाऱ्या संगीतपेटीत गोल झग्याची बाहुली. आरशाजवळ नटी असलेल्या आईची कात्रणं आणि तिच्यासोबतच्या पुरुषाचा फोटो, ज्याचा चेहरा जॅरेथचा आहे. भुलभुलैयात साराला जे जे भेटतं ते सगळं इथलं आहे. जिवंत बाहुल्यांचं ते जग एका मुलीच्या खेळण्यांतून उगवलेलं आहे. म्हणून ते बाहुल्यांनीच दाखवायला हवं होतं. आजच्या तंत्राने हुबेहूब प्राणी घडवून हाच चित्रपट केला तर तो गुळगुळीत होईल आणि त्याचा अर्थ निसटेल, कारण मग ती खेळणी उरणार नाहीत.

हे पकडून भंगारवाल्या म्हातारीचा प्रसंग पाहिला की अंगावर काटा येतो. पीच खाऊन स्मृती गेलेली सारा उकिरड्यावर येते. पाठीवर सामानाचा डोंगर वाहणारी एक म्हातारी, हीसुद्धा बाहुलीच, तिला एका दारातून आत नेते. आत साराचीच खोली. सारा सुटकेचा श्वास टाकते, पलंगावर पडते. म्हातारी मात्र एकेक खेळणं उचलून तिच्या हातात देत राहते: हे घे, हे तुझं लाडकं, हेही ठेव. आणि बघता बघता साराच्या पाठीवर म्हातारीसारखंच ओझं चढू लागतं. आपण जपून ठेवलेल्या वस्तू आपल्यालाच कशा गिळतात, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या भीतिदायकपणे सांगणारा दुसरा प्रसंग मुलांच्या चित्रपटांत मला माहीत नाही. शेवटी तिच्या परीकथेच्या पुस्तकातल्या शब्दांनी तिला टोबी आठवतो आणि खोली कोसळते.

त्याआधीचा नृत्याचा प्रसंग वेगळ्याच जातीचा आहे. तिथे बाहुल्या जवळजवळ नाहीतच. सगळी मोठी माणसं, चेहऱ्यावर गॉब्लिनांचे मुखवटे, आणि त्यांत मुखवटा न घातलेली सारा. जॅरेथ तिच्याशी नाचतो. वयात येणाऱ्या मुलीला मोठ्यांचं जग एकाच वेळी खुणावतं आणि घाबरवतं, ते इथे एकही संवाद न घेता येतं. सारा खुर्ची उचलते आणि आरशाची भिंत फोडून बाहेर पडते. लहानपणी हा प्रसंग नुसता सुंदर वाटतो. मोठेपणी पाहिला की अस्वस्थ करतो, आणि ती अस्वस्थता दिग्दर्शकाला हवी होती. एकाच चित्रपटाने दोन वयांना दोन वेगळ्या गोष्टी दाखवाव्यात, हेही त्याच्या दीर्घायुष्याचं एक कारण.

मुलांना मात्र दुसरीच गोष्ट पटते असं मला वाटतं. सारा सतत म्हणते की हा अन्याय आहे. भुलभुलैयाला त्याचं काहीच देणंघेणं नाही. तिने लिपस्टिकने केलेल्या खुणा कुणीतरी उलट्या करून ठेवतं. दोन दारांपाशी उभे राहिलेले राखणदार, एक नेहमी खरं बोलणारा आणि एक नेहमी खोटं, हे जुनं तर्ककोडं ती अचूक सोडवते, खुशीत पुढे पाऊल टाकते आणि थेट खड्ड्यात कोसळते. त्या खड्ड्याच्या भिंती हातांच्या आहेत. बोटं जुळवून हेच हात डोळे, नाक, ओठ तयार करतात आणि तिला विचारतात: वर जायचं की खाली? यातले काही हात रबराचे, पण बोलणारे सगळे चेहरे खऱ्या माणसांच्या हातांचे. बरोबर उत्तर दिलं म्हणजे बक्षीस मिळतंच असं नाही, हे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आतून ठाऊक असतं. मुलांशी या बाबतीत खरं बोलणारे चित्रपट थोडे.

उणिवाही आहेत. लाल केसांचे, स्वतःची मुंडकी काढून फेकणारे फायरी जंगलात नाचतात तो भाग कच्चा आहे. बाहुल्या काळ्या मखमलीपुढे वेगळ्या चित्रित करून मागाहून जंगलावर बसवल्या आहेत आणि तो सांधा स्पष्ट दिसतो. एरवी साराच्या हाताला लागणारी बाहुली इथे तिच्यापासून सुटली, आणि जादूही लगेच सुटली. मधला दुर्गंधीच्या दलदलीचा भाग लांबला आहे. तरी शेवट या सगळ्यावर मात करतो. एशरच्या जिन्यांवर वरखाली हरवलेल्या बाळामागे धावणारी सारा अखेर जॅरेथसमोर उभी राहते आणि तुझी माझ्यावर सत्ता नाही, असं त्याला सुनावते. एवढ्याने तो हरतो. तलवार नाही, युद्ध नाही.

पुढे घरी आल्यावर सारा आपलं आवडतं अस्वल टोबीला देऊन टाकते आणि खोली आवरू लागते. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटाने इथेच थांबून मुलगी मोठी झाली असं सांगितलं असतं. हेन्सन तसं करत नाही. आरशात हॉगल, लूडो, डिडिमस दिसतात, निरोप घेऊ लागतात, आणि सारा त्यांना सांगते की काही कारण नसतानाही मला तुमची अधूनमधून गरज लागेल. पुढच्या क्षणी खोली बाहुल्यांनी भरून जाते. बाहुल्या हलवण्यातच उभं आयुष्य गेलेल्या माणसाकडून आलेली ही कबुली मला फार मोलाची वाटते.

चित्रपटगृहांनी नाकारलेला हा चित्रपट व्हिडिओ कॅसेटमुळे आणि टीव्हीमुळे तगला. घरी पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागला तेव्हा कपाटातल्या मूर्ती लोकांच्या ध्यानात आल्या. नव्वदच्या दशकापासून कॅलिफोर्नियात या चित्रपटाच्या नावाने दरवर्षी मुखवट्यांचा मोठा उत्सव भरू लागला. २०१६च्या जानेवारीत बोवी गेला तेव्हा त्याच्या असंख्य गाण्यांबरोबर लोकांनी जॅरेथलाही आठवलं. हॉगलच्या मूळ बाहुलीचा प्रवास तर गोष्टीतच शोभावा असा. विमानप्रवासात ती कुठेतरी हरवली, बेवारस सामान विकणाऱ्या अमेरिकेतल्या एका दुकानात पोचली, आणि दुरुस्तीनंतर अलाबामा राज्यातल्या स्कॉट्सबरो गावच्या त्या दुकानातच प्रदर्शनात उभी राहिली. आणि टोबी फ्राउड? तो मोठा होऊन बाहुल्या घडवणारा कलावंत झाला. २०१९मध्ये ‘द डार्क क्रिस्टल’च्या जगावर दहा भागांची मालिका आली, तेव्हा आईवडिलांसोबत तिच्या रचनेची जबाबदारी त्याच्याकडे होती.

मुलांबरोबर पाहायचा असेल तर आठ-नऊ वर्षं हे योग्य वय. त्याहून लहानांना हातांचा खड्डा घाबरवू शकतो. ‘इनसाइड द लॅबिरिंथ’ हा १९८६चाच माहितीपट आहे आणि त्यात हॉगलच्या चेहऱ्यामागचे चौघे, लूडोच्या आतला माणूस, बोवीच्या मागे दबलेला मॉशन सगळे दिसतात. तो मात्र चित्रपटानंतरच दाखवावा. आणि चित्रपट सुरू होताना कॅमेरा साराच्या खोलीवरून फिरू लागला की मुलांना तेवढी दोन मिनिटं पडद्यावरून नजर हलवू देऊ नये.